प्रायश्चित्ताचा दिवस आणि शेजारणीचा बांध

लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय आमच्या खेड्यांतील उपासनांत क्वचितच वाचला जातो. गोऱ्हा, दोन बकरे, चिठ्ठ्या, धूप आणि रक्त यांचें तें वर्णन ऐकून लोकांस काय बोध होणार, असें उपदेशकांस वाटतें. आणि खरें बोलावयाचें तर आपल्यापैकीं पुष्कळांस त्याचा उलगडा स्वतःलाच झालेला नसतो, म्हणून आपण पान उलटून पुढें जातों. आम्हींही कित्येक वर्षें तसेंच केलें. पुढें एका विधवा बाईनें आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस त्या अध्यायाकडे परत जावें लागलें. तो प्रश्न वाचकांपुढें आधीं ठेवितों.

एका मंडळींत प्रभुभोजनाच्या आदल्या सायंकाळीं तयारीची सभा भरली होती. सभेंत एक वयस्क सभासद उठून उभे राहिले. शेजारणीच्या शेताचा बांध आपण चार पावसाळे थोडा थोडा कोरीत आलों व सुमारें दोन हात जमीन आपल्याकडे ओढून घेतली, असें त्यांनीं सर्वांसमक्ष कबूल केलें. बोलतां बोलतां त्यांचा कंठ दाटून आला. ऐकणारांचेही डोळे पाणावले. आम्हीं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली, ख्रिस्ताच्या रक्तानें हें पाप धुवून गेलें आहे असें आश्वासन दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं भाकर व प्याला त्यांच्या हातीं दिला. ती शेजारीण त्याच मंडळीची; ती मागें भिंतीशीं बसली होती. उपासना आटोपल्यावर ती आमच्याजवळ आली व हळूच म्हणाली, “पाळकसाहेब, देवानं त्यांला माफ केलं, लई बरं झालं. पण माझा बांध कुठं हाय?”

आम्ही निरुत्तर झालों. तिच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर उत्तर देणें सोपें गेलें असतें. ती खरोखरच विचारीत होती. पापाची क्षमा झाली म्हणजे नक्की काय झालें, आणि काय व्हावयाचें राहिलें, हा तो प्रश्न.

आतां त्या अध्यायाकडे वळूं. त्याचा आरंभ एका दुःखाच्या आठवणीनें होतो. अहरोनाचे दोन पुत्र, नादाब व अबीहू, हे आज्ञा नसतां भलता अग्नि घेऊन परमेश्वरासमोर गेले व तेथेंच मरण पावले. त्यानंतर अहरोनास सांगण्यांत आलें कीं, पडद्याच्या आंत परमपवित्रस्थानीं त्यानें मन मानेल तेव्हां येऊं नये. वर्षांतून एकच दिवस, सातव्या महिन्याचा दहावा, म्हणजे आपल्याकडे पावसाळा सरतां सरतां येणारा, यासाठीं नेमिला गेला. त्या दिवशीं सर्व लोकांनीं आपल्या जिवास कष्ट द्यावे, म्हणजे उपास करावा, व कोणतेंही काम करूं नये. त्यांच्यांत राहणाऱ्या परदेशीयानेंही करूं नये.

मुख्य याजकाचा नेहमींचा पोशाख राजाला शोभेसा असे. सोन्याच्या तारांचें भरतकाम, छातीवर बारा रत्नें, झग्याच्या घेराला सोन्याच्या घंट्या. परंतु या दिवशीं आंत जातांना तो सर्व उतरवून त्यानें साधीं तागाचीं वस्त्रें ल्यावयाचीं. आधीं स्वतःसाठीं व आपल्या घराण्यासाठीं गोऱ्हा मारावयाचा. लोकांच्या पापाकडे वळण्यापूर्वीं याजकानें आपलें पाप पाहावें हा क्रम देवानेंच लावून दिला आहे; पाळक व उपदेशक यांनीं येथें थोडें थांबावें. मग निखाऱ्यांनीं भरलेलें धूपपात्र व दोन मुठी बारीक कुटलेला सुगंधी धूप घेऊन तो पडद्याच्या आंत जाई. धुराच्या ढगानें दयासन झांकून टाकावें, नाहींतर त्याचा जीव जाईल, अशी आज्ञा होती. त्यानंतर गोऱ्ह्याचें रक्त, व चिठ्ठी टाकून जो बकरा परमेश्वराचा ठरला त्याचें रक्त, तो बोटानें दयासनावर व दयासनापुढें शिंपडी.

येथें एक गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. हें रक्त लोकांवर शिंपडलें जात नसे. तें देवाच्या घरांत शिंपडलें जाई. इस्राएलाच्या अशुद्धतेमुळें पवित्रस्थानासाठींच प्रायश्चित्त करावें लागे, असें तो अध्याय सांगतो. पाप करी मनुष्य, आणि डाग पडे देवाच्या घरावर. कोणी रानांत, कोणी बाजारांत, कोणी आपल्या चुलीपाशीं जें वाईट केलें असेल, तें साचत साचत पडद्याच्या आंतपर्यंत पोहोंचे. बांध कोरतांना तो गृहस्थ आणि ती बाई असे दोघेच त्या प्रकरणांत आहेत असें आपणांस वाटतें. लेवीय पुस्तकाच्या मतें तिसऱ्याच्याही उंबरठ्यावर ती माती पडली होती.

प्रायश्चित्तासाठीं इब्री भाषेंत ‘किप्पूर’ हा शब्द आहे. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘झांकणें’ कीं ‘पुसून काढणें’ याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. नोहाच्या तारवास आंतबाहेर जें डांबर लाविलें त्याचें नांव याच शब्दासारखें आहे. आणि कोशावरील झांकणास, ज्यास आपण दयासन म्हणतों, तेंही नांव याच धातूपासून आलें आहे. इब्री शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरांत दयासनासाठीं जो शब्द घातला, तोच पौलानें रोमकरांस लिहितांना ख्रिस्ताविषयीं वापरिला. आपणां मराठी लोकांस मात्र सावध राहिलें पाहिजे. कारण आपल्या बोलींत ‘झांकणें’ म्हणजे लपविणें असाही अर्थ होतो. पाप झांकून ठेवणाऱ्यास प्रायश्चित्त लागत नाहीं. त्यास फक्त एक मोठें झांकण लागतें.

पुढें यरुशलेमेंत मंदिर असतांना हा विधि कसा चाले, याचें वर्णन मिश्ना नामक यहूदी ग्रंथांत आहे. इ. स. ७० मध्यें रोमी लोकांनीं मंदिराचा नाश केला, आणि धर्मगुरूंच्या तोंडीं चालत आलेली ही परंपरा इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाली. त्यांतील ‘योमा’, म्हणजे ‘तो दिवस’, हें प्रकरण आमच्या उपदेशकांनीं एकदां तरी कोणाकडून समजून घ्यावें. सात दिवस आधीं मुख्य याजकास घरांतून काढून मंदिरांतील एका खोलींत ठेवीत. आदल्या रात्रीं त्यास झोंपूं देत नसत. त्यास शास्त्र वाचतां येत असलें तर तो वाची. वाचतां येत नसलें तर इतर लोक त्यास ईयोब, एज्रा किंवा इतिहासाचीं पुस्तकें वाचून दाखवीत. (मुख्य याजक, आणि वाचतां येत नाहीं! आमच्या अशिक्षित वडील मंडळींनीं उगाच लाजूं नये.) त्यास डुलकी येऊं लागली कीं तरुण याजक बोटें वाजवून त्यास थंड फरशीवर उभे करीत. पवित्रस्थानांतून बाहेर येतांना तो प्रार्थना करी, पण ती थोडक्यांत. कारण उशीर झाला तर बाहेर उभे असलेले लोक घाबरून जात. लांबलचक प्रार्थनेची आवड असणारांनीं हें लक्षांत ठेवावें.

मुख्य याजकाच्या पायास दोर बांधीत, म्हणजे तो आंत मेला तर ओढून काढतां यावा, ही कथा आपल्याकडे व्यासपीठावरून पुष्कळदां सांगितली जाते. ती लेवीय पुस्तकांत नाहीं व मिश्नांतही नाहीं. फार पुढच्या, मध्ययुगांतल्या लेखांतून ती आली आहे. ती सोडून दिल्यानें आपलें कांहीं बिघडत नाहीं. त्याहून खरी व जास्त विचार करावयास लावणारी गोष्ट ही कीं, त्या दुसऱ्या मंदिरांत कराराचा कोश नव्हताच. पडद्याच्या आंत तीन बोटें उंचीचा एक दगड मात्र होता, त्यावर तो धूपपात्र ठेवी. दयासन जेथें असावयाचें त्या रिकाम्या जागेकडे पाहून तो रक्त शिंपडी.

आतां दुसरा बकरा. दोन्ही बकरे रंगानें, उंचीनें व किंमतीनें सारखे असावे आणि एकाच वेळीं विकत घ्यावे, असें मिश्ना सांगते. कोणता मरावयाचा व कोणता रानांत जावयाचा हें चिठ्ठीनें ठरे. जिवंत बकऱ्याच्या मस्तकावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवी. नेहमींच्या अर्पणांत हात ठेवणें एवढेंच सांगितलें आहे, येथें दोन्ही हात असें स्पष्ट लिहिलें आहे. मग तो इस्राएलाचें सर्व पाप उच्चारून कबूल करी, आणि नेमलेल्या मनुष्याच्या हातीं तो बकरा रानांत, जेथें वस्ती नाहीं अशा तुटलेल्या प्रदेशांत, पाठवून दिला जाई. लेवीय पुस्तकांत त्यास तेथें सोडून देतात. मंदिराच्या काळीं त्याच्या शिंगांस लाल लोकर बांधून, वाटेवरच्या मांडवांवरून मजल दरमजल नेऊन, एका कड्यावरून लोटून देत. तो फिरून वस्तींत येऊं नये हा हेतु दिसतो. ज्याच्याकडे तो बकरा जाई त्यास ‘अजाजेल’ म्हटलें आहे. हें स्थळाचें नांव, कीं दुष्ट आत्म्याचें, कीं निघून जाणाऱ्या बकऱ्याचेंच, याविषयीं प्राचीन काळापासून मतें निरनिराळीं आहेत. तें कांहीं असो. तें भुताला दिलेलें अर्पण नव्हतें हें निश्चित, कारण पुढच्याच अध्यायांत तशा अर्पणांची सक्त मनाई आहे.

हें स्पष्ट सांगणें आवश्यक आहे. कां कीं आमच्या मंडळींतील कित्येकांनीं हा अध्याय ऐकून आम्हांस विचारलें आहे कीं, हा उताराच नव्हे काय? आजाऱ्यावरून भात, लिंबू, नारळ ओंवाळून तिठ्यावर ठेवितात. आणि जुन्या काळीं पटकीची सांथ आली म्हणजे मरीआईचा गाडा गांवच्या शिवेपलीकडे लोटून देत. बाहेरून पाहतां साम्य आहे. पण उताऱ्यावर कोणी आपलें पाप कबूल केल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. तेथें पीडा बाहेरून आलेली असते, आपण निर्दोष असतों. आणि दुसरें असें कीं, मरीआईचा गाडा कोठें जाई? शेजारच्या गांवच्या शिवेंत. ते लोक तो आणखी पुढें लोटीत. तिठ्यावरचा उताराही पहिल्यानें ओलांडणाऱ्याच्या माथीं जावा अशीच समजूत. पीडा नाहींशी होत नसे, तिचा धनी बदले. इस्राएलाचा बकरा मात्र कोणाच्याही शिवेंत पाठवावयाचा नव्हता.

या बकऱ्यासाठीं इंग्रज भाषांतरकार टिंडेल यानें १५३० सालीं आपल्या भाषेंत एक नवा शब्द घडविला. पुढें तो शब्द निरपराध्यावर दोष ढकलण्याच्या अर्थानें रूढ झाला. हें मोठें विचित्र झालें. बकऱ्यावर हात ठेवणारा म्हणे, हें पाप आमचें आहे. दुसऱ्यावर दोष ढकलणारा म्हणतो, हें पाप याचेंच आहे. ज्या यहूदी लोकांपासून हा विधि जगास कळला, त्यांच्याच माथीं ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनीं शेंकडों वर्षें आपलें पाप ढकललें; १९४१ ते १९४५ या वर्षांत युरोपांत सुमारें साठ लाख यहूदी मारले गेले, आणि मारणाऱ्यांत बाप्तिस्मा झालेले लोक पुष्कळ होते. त्यांचें शास्त्र आपल्या व्यासपीठावर उघडतांना हें विसरूं नये.

बकरा नेणाऱ्या मनुष्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. सर्व लोकांचें पाप ज्यावर ठेविलें आहे त्या जनावराची दोरी या मनुष्याच्या हातांत. म्हणून तो अशुद्ध होई. त्यानें आपलीं वस्त्रें धुवावीं, पाण्यानें स्नान करावें, आणि मग छावणींत यावें, अशी आज्ञा आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीं गांवचें मेलेलें जनावर ओढून शिवेबाहेर नेलें आहे. गांवाची घाण त्यांनीं बाहेर नेली, म्हणून गांवानें त्यांसच बाहेर ठेविलें. कितीही स्नान केलें तरी आंत येण्याची वाट त्यांस नव्हती. लेवीय पुस्तकांत अशुद्धतेला मुदत आहे व तिच्यावर पाणी आहे. आणखी पाहा: त्याच दिवशीं, बकरा पाठविल्यावर, मुख्य याजकासही स्नान करावें लागे. जो पडद्याच्या आंत गेला त्यासही पाणी, आणि जो रानांत गेला त्यासही तेंच पाणी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं सांगितलें आहे कीं, त्या दिवशींच्या गोऱ्ह्याचें व बकऱ्याचें शरीर छावणीबाहेर जाळीत असत, तसा येशूही वेशीबाहेर मेला. तर आपणही त्याच्याकडे बाहेर जावें. शिवेबाहेर ज्यांचा जन्म झाला त्यांस हें वचन कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

त्याच पत्राच्या नवव्या व दहाव्या अध्यायांत ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे. मुख्य याजक दर वर्षीं दुसऱ्याचें रक्त घेऊन आंत जाई आणि पुढच्या वर्षीं त्यास पुनः जावें लागे. ख्रिस्त आपलेंच रक्त घेऊन एकदांच गेला. दोन बकऱ्यांचें काम त्या एकानें केलें. तो देवासमोर मरण पावला, आणि आपलें पाप आपल्यापासून दूर वाहून नेलें. हें आम्ही मनापासून मानितों. यावर आमचें जगणें-मरणें आहे.

पण मग ती बाई? तिचा बांध?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो लबाड माणसाचाच असतो असें नाहीं. ख्रिस्तानें सर्व देणें फेडलें असतां बांध परत मागणें म्हणजे कृपेवर कर्माची भर घालणें नव्हे काय? वधस्तंभ पुरला नाहीं असें म्हणणें नव्हे काय? त्या गृहस्थांनींही पुढें आम्हांस हेंच विचारलें. याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला, आणि आमच्या मनास जें पटलें तें असें. चोरलेलें परत देणें हें पुण्य नव्हे. तें केवळ पाप थांबविणें होय. बांध जोंवर सरकलेला आहे तोंवर चोरी चार वर्षांपूर्वीं झाली असें म्हणतां येत नाहीं; ती आज सकाळींही झाली, उद्यां सकाळींही होईल. बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवावयाचे असतील तर आधीं हात रिकामे पाहिजेत.

लेवीय पुस्तकानें हें आधींच सांगून ठेविलें आहे. सहाव्या अध्यायाच्या आरंभीं, शेजाऱ्याची ठेव दाबणारा, लुबाडणारा, सांपडलेली वस्तु नाकारणारा यांच्याविषयीं नियम आहे: त्यानें मूळ वस्तु पुरी परत करावी, तिच्यावर पांचवा हिस्सा अधिक द्यावा, व तो त्या धन्याच्या हातीं द्यावा. त्या वेळींच याजकाकडे दोषार्पणाचा मेंढा आणावयाचा. मेंढ्यानें जमीन परत मिळत नाहीं, आणि जमीन परत दिल्यानें देवाच्या घरावरचा डाग निघत नाहीं. दोहोंचीं कामें वेगळीं आहेत. मिश्नाच्या योमा प्रकरणाच्या शेवटींही हाच निवाडा आहे: मनुष्य व देव यांच्यामधील अपराधांचें प्रायश्चित्त तो दिवस करतो, पण मनुष्य व शेजारी यांच्यामधील अपराधांचें प्रायश्चित्त तो करीत नाहीं, जोंपर्यंत त्यानें शेजाऱ्याचें समाधान केलें नाहीं. पाप करूं आणि तो दिवस आपलें पाप फेडील, असें म्हणणाऱ्यास तो दिवस कांहींच उपयोगाचा नाहीं, असेंही तेथें आहे. आणि आपल्या प्रभूनें डोंगरावर काय सांगितलें? वेदीपाशीं अर्पण घेऊन आलेल्यास भावाची तक्रार आठवली, तर त्यानें अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास जावें. जक्कयास तर कोणी मागितलेंही नव्हतें. प्रभु त्याच्या घरीं आला, आणि तो आपण होऊन चौपट देऊं लागला. कृपा आधीं आली, हिशेब मागून. पण हिशेब आला.

आमची स्वतःची चूक याहून वेगळी होती, आणि ती आम्हांस जास्त लागली. त्या सभेंत आम्हीं त्या बाईच्या वतीनें क्षमा करून टाकिली. तो अधिकार आम्हांस कोणीं दिला होता? देवाच्या नांवानें देवाची क्षमा जाहीर करणें हें आमचें काम. पण तिची क्षमा तिच्यापाशीं होती, आणि आम्हीं तिला विचारलेंही नव्हतें. तिच्या समोर, तिच्या लुबाडणाराच्या अश्रूंवर सर्व मंडळी रडली; चार वर्षें तिचें पीक कमी आलें त्यावर कोणी रडलें नाहीं.

तथापि दुसऱ्या टोंकासही जाऊं नये. सर्वच गोष्टी परत देतां येत नाहींत. कोणीं रागाच्या भरांत मुलाला असें मारलें कीं त्याचा कान गेला. कोणीं एखाद्या मुलीचें नांव बाजारांत खराब केलें. कोणीं म्हाताऱ्या बापास दार लाविलें, आणि बाप मेला. येथें पांचवा हिस्सा कशाचा काढावयाचा? मेलेल्याविषयीं यहूदी धर्मगुरूंनीं असें सांगितलें आहे कीं, अपराध्यानें दहा माणसें बरोबर घेऊन त्याच्या कबरेपाशीं उभे राहावें, व परमेश्वराविरुद्ध आणि या मनुष्याविरुद्ध मीं पाप केलें असें बोलावें. त्यांत कांहीं परत दिलें जात नाहीं. फक्त खरें बोललें जातें, आणि तेंही ऐकणारांसमोर. अशा माणसांस आम्ही वधस्तंभाकडे नेतों तेव्हां आमचा आवाज कांपत नाहीं. जें परत देतां येत नाहीं तें वाहून नेणारा कोणीतरी पाहिजे. त्याच्यासाठींच दुसरा बकरा होता. परंतु जें परत देतां येतें त्याचें ओझें त्याच्या पाठीवर टाकणें ही आळसाची भक्ति होय.

मंदिर गेलें, बकरे गेले, पण तो दिवस यहूदी लोकांनीं सोडिला नाहीं. उपास, प्रार्थना, पश्चात्ताप व दया यांनीं ते तो पाळीत आले. आपल्या महाराष्ट्राशींही त्याचा खरा संबंध आहे. कोंकणांत, आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याकडील गांवांत, बेने-इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. मराठी हीच त्यांची बोली झाली, इब्री भाषा ते विसरले. एकोणिसाव्या शतकांत मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनीं त्यांच्यासाठीं मराठींत इब्री व्याकरण लिहिलें. परंतु पुस्तक हातीं नसतांही हा दिवस त्यांनीं राखिला होता. त्यास ते दरफाळणीचा सण, म्हणजे दारें लावून घेण्याचा सण, म्हणत. पांढरीं वस्त्रें नेसून, उपाशी, दार बंद करून ते घरांत बसत. दुसऱ्या दिवसाचें नांव शिळा सण. त्या दिवशीं दार उघडून गरिबांस दान करावयाचें व एकमेकांच्या घरीं जावयाचें. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशास गेलीं. बंद दाराचा एक दिवस, आणि त्यास लागूनच उघड्या दाराचा एक. हा क्रम त्यांस कोणत्या पोथीनें शिकविला असेल तो असो, आमच्या तयारीच्या सभेंत दुसरा दिवस नव्हता.

पुढें काय झालें तें सांगून पुरें करितों. आम्ही आधीं त्या बाईकडे गेलों व आमच्या चुकीची माफी मागितली. ती संकोचली, पाट दिला, चहा केला, आणि विषय बदलला. मग त्या गृहस्थांकडे गेलों, लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय वाचला, आणि वर सांगितलेला वाद झाला. ते रागावले नाहींत, पण कबूलही झाले नाहींत. दोन महिने उपासनेस आले नाहींत. उन्हाळा संपत आला. पेरणीच्या आधीं एके सकाळीं ते आपल्या मुलास घेऊन शेतावर गेले, जुन्या खुणेचा दगड शोधून काढला, आणि दोघांनीं मिळून बांध मागें सरकविला. त्यानंतर ते आमच्याकडे आले व म्हणाले, चार वर्षांच्या पिकाचा हिशेब आणि वरचा पांचवा हिस्सा मला काढतां येत नाहीं, तुम्ही काढून द्या. आम्हीं म्हटलें, हा हिशेब आमच्याकडे नाहीं. जिचा आहे तिला विचारा.

त्यांनीं जाऊन विचारलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “ज्वारी दोन पायली द्या, पांचवा हिस्सा राहूं द्या. पोरगा माझा शहरांत हाय. औंदा मिरगाच्या आधीं माझ्या शेतांत नांगर धरून द्या.” क्षमा केली असें ती म्हणाली नाहीं, आणि आम्हींही तें तिच्याकडून वदवून घेतलें नाहीं. त्या आठवड्यांत त्यांनीं तिचें शेत नांगरलें. नव्या बांधापाशीं आले कीं बैल थांबवून, खालीं वांकून, दगड जागेवर आहे कीं नाहीं तें पाहात होते.